आईची झोळी, नऊ मिनिटे

मी परशुराम नागू वेळीप, वय एकसष्ट, धंदा शिंपीकाम, मूळ गाव दिग्गी, हल्ली मुक्काम रामनगर, तालुका जोयडा, जिल्हा उत्तर कन्नड, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. डॉक्टर म्हणतात हृदय अर्धेच चालते. डोके पूर्ण चालते. मला कोणी धाक घातलेला नाही, कोणी लाडीगोडी लावलेली नाही. राग मात्र आहे, आणि तो शुद्धीत असतानाच लिहून ठेवतो.

१. रामनगरचे घर व दुकानाचा गाळा पत्नी मंगल हिला. तिच्या हयातीत तिला तिथून कोणी हलवू नये. "भावल्या खेळताय व्हय अजून? वय काय आपलं?" असे तिने सहा वर्षे ऐकवले, पण दुकान बंद असे त्या दिवशी कापायचे टेबल न सांगता मोकळे करूनही तिनेच दिले.

२. दोन्ही मशीन, काजाचे मशीन व कात्र्या माझ्याकडे बारा वर्षे काम करणाऱ्या भाग्यलक्ष्मीला. मोठी कात्री कागदाला लावलीस तर वरून बघत असेन.

३. मी केलेला चित्रपट, त्याचे सर्व फोटो व बाहुल्या मुलगी सुप्रिया हिला. चित्रपट माझ्या आईचा, रुक्माचा आहे. आषाढात ती आजारी पडली. दिग्गीला तेव्हा पावसाळ्यात गाडी येत नसे. चार माणसांनी कांबळ्याची झोळी करून, बांबूला बांधून तिला उचलले. गाडीपर्यंत पोचण्याआधी ती वाटेतच गेली. हे मी कापडाच्या बाहुल्यांनी सांगितले. आत तार, वर ब्लाऊजच्या उरलेल्या तुकड्यांचे कपडे, वाटेतल्या नदीला निळे अस्तर. बाहुली भाताच्या दाण्याएवढी सरकवायची, मोबाइलने फोटो काढायचा, परत सरकवायची. सेकंदाला बारा फोटो. सहा वर्षांत नऊ मिनिटे झाली. मदत एकदाच घेतली, तिथेच फसलो.

४. फोटो स्टुडिओवाला गुरुदास हा माझा तीस वर्षांचा दोस्त. आवाज जोडायला मी त्याच्याकडे चित्रपट दिला. त्याने आवाज जोडला आणि वर शेवटही बदलला. बेळगावात एका सभागृहात चित्रपट लागला तेव्हा मी आणि मंगल मागच्या रांगेत होतो. आई सकाळी अंथरुणात उठून बसते, हसते, ते सुरुवातीचे फोटो याने उचलून शेवटी लावले होते. आई दवाखान्यात बरी झाली! मग पाटी आली : दिग्दर्शन, गुरुदास. माझे नाव कुठेच नाही. शाल त्याला, नारळ त्याला.

मी उभा राहून ओरडलो, "माझी आई मेली! वाटंवर मेली ती!" लोक म्हणाले, खाली बसा.

बाहेर आल्यावर गुरुदास म्हणतो, "परशा, रडवणारं कोण बघतंय? आन् शिंप्याचा पिच्चर म्हटल्यावर लोक हसलं असतं."

मी त्याच्या अंगावरची शाल ओढली, ती फाटली. शिंपी असून फाडली, आणि रफू करून देणार नाही. गुरुदासने माझ्या प्रेताला हात लावू नये. त्याच्याकडची प्रत खोटी समजावी. तो ती कुठे दाखवत असेल तर सुप्रियाने थेट कोर्टात जावे, "जाऊ दे बाबा" म्हणू नये.

५. आता जे लिहितो ते मंगललाही पूर्ण माहीत नाही. मूळ फोटो माझ्याकडे होतेच. खरा शेवट परत जोडून मी चित्रपट दिग्गीला नेला. शाळेच्या खिडक्यांना कांबळी लावून भर दुपारी चादरीवर दाखवला. झोळी उचलणाऱ्या चौघांपैकी आता एकटा गणपती उरला आहे. संपल्यावर तो म्हणाला, "फुडं, उजव्या अंगाला कोण दावलायस?"

"मी."

"तू कुठं हुतास? थितं लक्ष्मण हुता. तुला निरोप धाडला तवा तू उद्या येतो म्हनलास."

सगळ्या गावासमोर म्हणाला. आणि खरे आहे. शाळा सुरू झाल्या होत्या, गणवेश द्यायचे होते. मी उद्याच गेलो. गुरुदासने माझ्या आईला जिवंत केले म्हणून मी त्याची शाल फाडली, आणि मी स्वतःला तिच्या झोळीखाली घातले त्याचे काय? लक्ष्मण तर मेला, त्याची जागा मी चोरली. त्याच्या घरच्यांनी त्या दुपारी पडद्यावर मला बघितले.

त्यानंतर अकरा महिने बसून मी झोळीचा प्रत्येक फोटो नव्याने काढला. उजव्या अंगाला लक्ष्मण आहे. आता खरी प्रत हीच, बाकीच्या माझ्या प्रतीही सुप्रियाने पुसाव्यात.

६. या प्रतीत झोळी वाटेत खाली ठेवल्यानंतर चाळीस सेकंद जास्त आहेत. त्यात माझी बाहुली रामनगरात बसून गणवेश शिवते आहे. मान वर करत नाही. हा भाग लांबतो, कंटाळवाणा आहे, असे जाणकार सांगतील. तो कोणीही, कोणत्याही कारणाने, कापू नये.

वरील सर्व वाचून, दोन्ही साक्षीदारांच्या देखत सही केली. त्यांनीही माझ्या देखत केली.

(सही) परशुराम नागू वेळीप

साक्षीदार :
१. गणपती, राहणार दिग्गी (डाव्या अंगठ्याचा ठसा)
२. सुनयना, शिक्षिका, राहणार रामनगर (सही)

स्थळ : रामनगर
दिनांक : ९ नोव्हेंबर २०२५