ठमामामींनी फोन का उचलला नाही

तीर्थस्वरूप लडकूमामा यांच्या दोन्ही गुडघ्यांस (नव्यास आधी, जुन्याने राग मानू नये) सागरचा टेमघरहून नमस्कार.

उन्नतीताईकडे पुण्यात तब्येत सुधारत असेल. ताईच्या हातचं पथ्याचं जेवण तुम्ही तक्रार न करता जेवता, असं ती सांगते. आम्ही तिच्यावर विश्वास ठेवत नाही, पण आनंद झाला. इकडे सगळे बरे आहेत, मामीही. हे आधीच लिहितो, कारण रविवारी तुम्ही त्यांना दुपारभर फोन केलेत आणि त्यांनी उचलला नाही. मग तुम्ही शेजारच्या रंगूबाईंना बघायला पाठवलंत, त्याही परतल्या नाहीत. शेवटी मला केलात, तेव्हा मी ‘मामी ठीक आहेत, पत्र लिहितो’ एवढंच बोलून ठेवला. त्यावर तुम्ही ताईला म्हणालात म्हणे, की आजच्या काळात माणूस पत्र लिहितो म्हणजे बातमी वाईट आहे. बातमी वाईट नाही. लांब आहे.

वाचनालयाचं अनुदान कापलं गेलं, हे तुम्हाला ठाऊक आहे. कसं, ते तुम्ही विचारलं नव्हतं. वरून पत्र आलं की येथे पुरेशी वर्तमानपत्रं येत नाहीत, सबब अनुदान निम्मं करण्यात येत आहे. निम्म्या अनुदानात आम्ही निम्मी वर्तमानपत्रं बंद केली. पुढच्या तपासणीत वर्तमानपत्रं आणखी कमी आढळली. (तपासणीला आलेले साहेब सज्जन होते. पंखा बंद का, असं त्यांनी विचारलं. वीजबिल थकलंय, असं आम्ही सांगितलं. त्यांनी शेरा लिहिला: वाचकांसाठी पंखा नाही, सबब वाचक नाहीत, सबब अनुदानाची निकड दिसत नाही. अक्षर फार सुंदर होतं.) ग्रंथपाल रीमाचं मानधन तेव्हापासून मानापुरतं उरलं आहे. ती तरी रोज येते. का येतेस, असं मी तिला विचारलं नाही. ती उलट मलाच तेच विचारेल, अशी भीती वाटली.

अशात मानकोलीच्या कुरिअरवाल्याने वाचनालय असलेली आपली खोली गोदामासाठी मागितली. खोली आजोबांनी वाचनालयाला तोंडी दिली होती, आणि तोंडी दिलेलं तोंडीच परत घेता येतं, हे तुम्ही आम्हाला समजावलंत. ‘वाचतंय कोन?’ हा तुमचा मुद्दा होता. तो सिद्ध करण्यासाठी ऑपरेशनला जाताना तुम्ही मामींना वाचनालयात खुर्ची टाकून बसवलंत. दिवसभरात किती माणसं येतात ती मोजायची आणि रात्री फोनवर सांगायची. मामी रोज सांगत राहिल्या, “एक मानूस न्हाय आला.” त्या खोटं बोलल्या नाहीत. परीक्षेच्या अभ्यासाला मुली येतात, कारण घरी बसायला कोपरा नाही. त्यांना मामी पोरी म्हणतात, माणसं नाही. पॉवरलूमवरचे दोघे कामगार शिफ्ट संपली की उर्दू पेपर वाचायला येतात, ते पाव्हणे. आणि स्वतःला कुणी मोजत नसतं.

मामींचं असं झालं. पंखा बंद असल्यामुळे त्यांनी वारा घ्यायला कपाटातून एक जाडसर पुस्तक काढलं. वारा घेता घेता त्याचं मुखपृष्ठ गेलं, मग नावाचं पान गेलं. (कादंबरीचं नाव त्यामुळे कुणाला कळलं नाही. लेखकाचंही नाही. मी साहित्याचा पदवीधर. कादंबरी आहे, एवढं मी ओळखलं.) उरलेलं पुस्तक वाऱ्याच्या उपयोगाचं राहिलं नाही, म्हणून त्यांनी ते वाचायला घेतलं. तुमचा जुना चष्मा लावून. चौथीनंतर त्यांनी वाण्याच्या पुडीवरचा कागद सोडून काही वाचलं नव्हतं, असं त्या स्वतः सांगतात.

आता रविवार. खोली वाचवायला मदत मागायला मी केसरीनाथदादांकडे गेलो होतो. (ज्यांचा वाढदिवस नाक्यावरच्या बॅनरवर बारा महिने असतो, ते.) दादा म्हणाले मदत करू, पण टूर्नामेंट ठेवा. मदतीचा दुसरा प्रकार त्यांना माहीत नाही. ट्रॉफी, माईक, मंडप आणि समालोचनाला दामू. या पट्ट्यातला एकही क्रिकेटचा सामना दामूशिवाय होत नाही. स्वतःच्या हळदीतही तो स्वतःच माईकवर होता. मी म्हटलं, दादा, हे वाचनालय आहे. दादा म्हणाले, मग वाचनाची टूर्नामेंट ठेवा. मी हसलो. ते हसले नाहीत.

नियम रीमाने केले. वाचणारा वाचनालयासमोरच्या मैदानाच्या मधोमध खुर्चीत बसेल. पान उलटलं की एक धाव. पुस्तकावरून नजर वर गेली की बाद. समोरच्या संघाने अंगाला हात न लावता त्याला वर बघायला लावायचं. आईवडिलांवरून बोललं तर नो-बॉल. टेमघर, कोन आणि मानकोली अशा तीन गावांचे संघ आले. मानकोलीचा पहिला गडी जकातनाक्यावर पावत्या फाडाव्यात तशी पानं उलटू लागला. तेव्हा रीमाने तिथल्या तिथे नवा नियम केला: पान उलटल्यावर मागच्या पानावर काय झालं, ते नजर न हलवता माईकवर सांगायचं. मानकोलीचा संघ शून्यावर गेला. कोनच्या कप्तानाने लहान मुलांचं चित्रांचं पुस्तक आणलं होतं. “हत्ती,” तो म्हणाला. पुढच्या पानाला, “तोच हत्ती.” धावा द्याव्या लागल्या. आमचा पहिला गडी स्पर्धा परीक्षेचा. मान खाली घालून तो खांबासारखा बसला, म्हणून टाळ्या पडल्या, मग कळलं की झोपला आहे. झोपलेला गडी नाबाद धरावा की नाही, यावर दोन्ही संघांत जो वाद झाला त्यात तो जागा झाला आणि त्याने वर पाहिलं. दामू बिचारा घामाघूम. काही घडत नसताना बोलायची त्याला सवय नाही. “बोट ओलं केलंय... पान धरलंय... उलटतंय काय... न्हाय, खाजवलं नुसतं.”

आमचा शेवटचा गडी आलाच नाही. (त्याला खऱ्या क्रिकेटचं बोलावणं आलं होतं.) रीमा आत गेली आणि मामींना खुर्चीसकट बाहेर आणवलं. चौघांनी उचललं. मामी वाचत होत्या. उचललं, नेलं, ठेवलं, त्यांनी वर पाहिलं नाही. कोनवाल्यांनी सगळं करून बघितलं. मामी, गॅस चालू राहिलाय. मामी, सोनं उतरलंय. मामी, लडकूमामांनी पुण्यात सेवेला नर्स ठेवलीय, तरणी हाय. मामींनी पान उलटलं.

तेवढ्यात तुमचा पहिला फोन आला. हळदीचं ते गाणं तुम्हीच त्यांच्या फोनला लावून दिलंय, ते मैदानभर वाजलं. कोनचा संघ नाचला. दामूच्या जिवात जीव आला. “पुण्यावरनं बाउन्सर. मामांचा फोन हाय. मामी बगत न्हाय. अजून वाजतंय. अजून न्हाय.” मामी पुस्तकाशीच बोलाव्यात तशा म्हणाल्या, “वाजू दे रं. मना वाचू दे.” मामा, तुम्ही आमच्या विरुद्ध खेळत होतात. गोलंदाजी उत्तम होती, सातत्य होतं. इलाज नव्हता.

पुढचं कुणी ठरवलं नव्हतं. प्रत्येक पानानंतर मामी मागच्या पानावर काय झालं ते सांगत गेल्या. कादंबरीत एक खोताचं घर, तिथली थोरली सून, मेला म्हणून ज्याचे दिवस घातले तो तिचा दीर, आणि विहिरीत टाकलेली एक किल्ली. मामी घरातलं सांगावं तसं सांगत होत्या. खोतीण त्यांना पहिल्यापासून पसंत नव्हती. हळूहळू कोनवाले गप्प झाले. दामूने बोलणं थांबवून माईक मामींपुढे धरला. रंगूबाई तुमचा निरोप घेऊन आल्या, ‘अगो ठमे’ म्हणाल्या, आणि मग खाली बसल्या. टेमघरात शांतता झाली. मी इथेच जन्मलो. ती मी पहिल्यांदा ऐकली. लांबून लूमचा खडखडाट तेवढा येत होता.

मग सून रात्री विहिरीवर गेली, मागे वळली, तर दीर दारात उभा आणि किल्ली त्याच्या हातात. पहिला भाग समाप्त. मामींनी वर पाहिलं. पुस्तकच संपल्यावर वर पाहणारा बाद कसा, असा निर्णय रीमाने दिला आणि आपण जिंकलो. ट्रॉफी घ्यायला कुणी पुढे आलं नाही. दामू माईकवर म्हणाला, “मंग?” आणि सगळं मैदान आत घुसलं. कपाटं धुंडाळली. दुसरा भाग नव्हता. मोकळ्या हातांनी जायला नको म्हणून लोकांनी चिडून दुसरीच पुस्तकं नेली. सोमवारी ती परत करायला म्हणून आले, दुसरा भाग मिळाला का विचारून गेले, जाताना आणखी एकेक घेऊन गेले. सोमवारी रात्री फोनवर मामी तुम्हाला काय म्हणाल्या ते मी ऐकलं: “लय हायेत. मी न्हाय मोजत.”

केसरीनाथदादांनी नाक्यावर नवा बॅनर लावला आहे. वर त्यांचा फोटो, खाली मोठ्या अक्षरांत ‘दुसरा भाग कधी?’ त्यांची मदत इथपर्यंत आली. पंखा अजून बंद आहे.

मी विचार केला, मामा. कुरिअरवाल्याचा धंदा चांगला आहे. त्याच्याकडे माल येतो आणि जातो. परत आला तर तोटा. आपल्याकडे माल फुकट जातो, परत येतो, थोडा मळलेला असतो, पुन्हा जातो. यात फायदा काय, ते मला मांडता येत नाही, आणि वरच्या साहेबांनाही मांडून दाखवता आलं नाही. मात्र खोली कुरिअरवाल्याची झाली, तर त्या मुलींना अभ्यासाला बसायला कोपरा उरणार नाही, आणि मामी घरी बसणार नाहीत, एवढं आता सगळ्यांना कळलं आहे.

तब्येतीला जपा. जिना हळू चढा. ताईला नमस्कार.

तुमचा भाचा,
सागर

ता.क. कुरिअरवाल्याच्या करारावर सही करू नका. हे पत्राच्या सुरुवातीलाच लिहायचं होतं, पण तुम्ही पुढे वाचलं नसतं.

ता.क. दुसरं. काल उन्नतीताईने तुमच्या नव्या गुडघ्याचा फोटो पाठवला. गुडघा छान आहे. त्याच्या वर, तुमच्या हातात, आपल्या वाचनालयाचा शिक्का असलेलं एक जाड पुस्तक आहे. कणा मोठा करून बघितला, तीच बांधणी, ‘भाग दुसरा’. ताई म्हणाली, बाबा, इकडे बघा, असं तिने चार वेळा सांगितलं. तुम्ही वर पाहिलेलं नाही. आमच्या नियमाने तुम्ही नाबाद आहात. फोटो मी मामींना दाखवला. त्या एवढंच म्हणाल्या की शेवट फोनवर सांगितला तर घरी येऊ नका म्हणावं.

ता.क. तिसरं. कादंबरीला तिसरा भागही आहे. कपाटाच्या मागे पडला होता, रीमाला सापडला, आत तीच सून आणि तीच किल्ली. मामींनी तो आपल्या खुर्चीखाली ठेवला आहे. खोलीबाहेर जाणार नाही म्हणतात. ज्याला वाचायचा असेल त्याने इथे येऊन बसावं. तुमच्यासाठी शेजारी एक खुर्ची टाकून ठेवली आहे.