शेळी आटवताना

प्रिय भुणभुणे,

परवा तू पाठवलेला आवाजी निरोप मी तीनदा ऐकला. ‘ताई, तिकीट दोन महिने अलीकडे घे ना, तू तर मोकळीच आहेस,’ एवढंच त्यात होतं. बाकी तुझा श्वास, आणि मागे कुकरची शिट्टी. शिट्टी झाल्यावर तू गॅस बंद करायला उठली नाहीस, म्हणजे किती दमली असशील ते कळलं. फोनवर उत्तर दिलं असतं तर तू मधेच रडली असतीस आणि मी ‘बरं, येते’ म्हणून मोकळी झाले असते. आपलं हे असंच चालत आलंय. म्हणून लिहितेय. पानांचे फोटो काढून आजच पाठवते, कागद टपालाने मागून येतील. अक्षराला हसू नकोस. अंगठा सुजलाय, पेन मुठीत धरावं लागतंय.

मी इथे काय करते ते तुला नीट कधी सांगितलंच नाही. पाठीवर सॅक टाकून जग बघायला गेलेली ताई म्हणजे कुठेतरी समुद्राकाठी बसलेली असेल, असं तुझ्या घरात सगळ्यांना वाटतं, आणि मीही तसंच वाटू दिलं. खरं म्हणजे हे तिसरं शेत. काम करायचं, त्याबदल्यात जेवण आणि पलंग. पहिल्या ठिकाणी दीड महिना कांदे निवडले. दुसऱ्या ठिकाणी कुंपणाच्या तारा ओढल्या, तिथे एक गाठ शिकले जी ताण पडला की आणखी घट्ट होते. आता इथे शेळ्या. अठ्ठेचाळीस. पेंढ्याच्या कोठारावर पत्र्याची खोली आहे, तिच्यात चार पलंग आणि एकच खिडकी. दोन पलंगांवर विशीतल्या दोन मुली असतात. त्या शिकतात, फिरतात, महिन्याने पुढे जातात. मी घोरते म्हणून त्यांनी माझा पलंग खिडकीकडे सरकवला. सेहेचाळिसाव्या वर्षी मी वसतिगृहात दाखल झालेय म्हण. कुणीतरी सोडून गेलेले गमबूट घालते, ते दोन नंबर मोठे आहेत. पायमोज्यांवर पायमोजे चढवते आणि बदकासारखी चालते.

धार काढायला मला थेट शेळीजवळ बसूच दिलं नाही. मालकीण साठीची आहे, गुडघे गेलेत, पण नजर अशी की आपण चुकायच्या आधी तिला कळतं. तिने रबरी हातमोज्यात पाणी भरलं, एका बोटाला सुईने भोक पाडलं आणि मोजा खुंटीला टांगला. चार दिवस मी त्या मोज्याचं दूध काढत होते. मी ओढायचे. तिने माझा हात धरून दाखवलं. वरून अंगठा आणि पहिलं बोट घट्ट मिटायचं, म्हणजे दूध माघारी जात नाही, मग एकेक बोट खाली मिटत न्यायचं. ओढायचं नाही. आमची दोघींची भाषा मोडकीतोडकी, त्यामुळे ती फार बोलत नाही, हातावर चापटी मारते. मला बरं वाटलं, खरं सांगते. किती वर्षांत मला कुणी काही शिकवलं नव्हतं. सगळे यायचे ते मला सगळं येतं असं धरूनच.

आता मला धार काढता येते, खूर कापता येतात, पहिल्या तीन धारा काळ्या वाटीत काढून दुधात गुठळी आहे का ते बघता येतं. परत आल्यावर कुणी विचारलं, बाई तुमचं शिक्षण काय, तर सांगायला काहीतरी झालं. पण अंग गेलंय गं. सकाळी बोटं उघडत नाहीत, गरम पाण्याच्या मगाला धरून बसते तेव्हा एकेक उघडतं. आणि गंमत म्हणजे हा थकवा नवा नाही. मला वाटलं होतं, घरापासून इतक्या लांब आल्यावर तो मागे राहील. सॅकमध्ये सगळ्यात खाली तोच भरलेला होता.

बाबांच्या जेवणाची वेळ म्हणजे माझी दुपारची सुट्टी. मुली जेवायला बसतात तेव्हा मी खाद्याच्या कोठारामागे जाते. तिथेच रेंज येते. एक उलटी बादली आहे, तिच्यावर बसते. तू फोन तांब्याला टेकवून ठेवतेस आणि मी सांगितलंय म्हणून बाहेर जातेस, दार लोटून. दहा-पंधरा मिनिटांत तू परत येतेस तेव्हा ताट निम्मं तरी रिकामं झालेलं असतं. तू म्हणतेस, तुझ्या आवाजात काय जादू आहे गं, मी वाढलं तर बाबा विचारतात ‘तुझं झालं?’, मी म्हणते ‘तुम्ही बसा बाबा, मी मागून बसते’, की ताट सरकवून उठतात. माझं काय चुकतं? आणि मी दर वेळी म्हणते, काही नाही चुकत, सवय आहे त्यांना माझी. चार महिने मी रोज हेच म्हणतेय.

इथे एक शेळी आहे, पांढऱ्या कानांची. मी तिला हेडबाई म्हणते, कारण बाकीच्या शेळ्यांमधून ती वर्गावर तास घ्यायला निघाल्यासारखी चालते. ती गाभण आहे. व्यायला दोन महिने राहिले की शेळी आटवायची असते, म्हणजे धार काढणं बंद करायचं. खुराक काढून घ्यायचा, नुसता वाळका चारा द्यायचा, सडांना औषध लावायचं आणि हात लावायचा नाही. कास भरून येते, टणक होते, शेळी ओरडते. भरलेल्या कासेचा ताण अंगाला कळला की मग दूध बनणं आपोआप थांबतं, आणि जे असतं ते अंगात जिरतं. त्या दोन महिन्यांच्या विश्रांतीवर पोटातली पिल्लं वाढतात, पुढचं दूधही त्याच्यावरच. मालकिणीने मला हे दोनदा सांगितलं. दुसऱ्यांदा बोट रोखून.

तुझा फोन ठेवून मी कोठारामागून उठायचे, आणि वाटेत हेडबाईचा कप्पा. रोजची तिची धारेची वेळ गेलेली असायची. ती माझ्याकडे बघून ओरडायची, आणि ते ओरडणं काही बाकीच्यांसारखं नव्हतं, नाव घेऊन हाक मारावी तसं होतं. पहिल्या दिवशी मी न थांबता पुढे गेले. दुसऱ्या दिवशी कासेला हात लावून पाहिला, दगड. म्हटलं, जरासं. दोन मुठी. तिला हलकं वाटेल. ते दूध मी पेंढ्यात सोडलं आणि वरून कोरडा पेंढा पसरला. तिने कपाळ माझ्या खांद्यावर टेकवलं. काय सांगू तुला, त्या क्षणी मला इतकं शहाण्यासारखं वाटलं! मालकिणीला नियम कळतात, मला शेळी कळते, असं. तिसऱ्या दिवशीही गेले, चौथ्या दिवशीही. आठ दिवस.

नवव्या दिवशी हेडबाई चाऱ्याला उठली नाही. कासेची डावी बाजू लाल आणि तापलेली. मालकिणीने पहिली धार काळ्या वाटीत काढली तर नासलेल्या दुधासारख्या गुठळ्या. गुरांचा डॉक्टर आला, कोपरापर्यंत हात धुऊन कामाला लागला. दूध थांबायला तयार नव्हतं, कारण रोज थोडं निघत होतं, आणि रोज मुठीने दाबून दाबून सडांची तोंडं मी उघडीच ठेवली होती. तेवढी वाट आजाराला पुरली. मी स्वतःच सांगितलं. मालकिणीने मान वर केली नाही. मला वाटलं आता सॅक भरायला सांगेल. तिने गरम पाण्याची बादली माझ्या हातात दिली आणि म्हणाली ते मोडकंतोडकं होतं, पण मला लख्ख कळलं : ओरडणं तिचं काम होतं, गप्प राहणं तुझं काम होतं. ती तिचं काम करत होती.

पाच दिवस मी शेकत होते, खराब दूध काढून टाकत होते, औषध पाजत होते. हेडबाई वाचली. पिल्लं आहेत पोटात, धडधड ऐकवली डॉक्टरने मला. पण डावी बाजू गेली. यापुढे ती एकाच सडाने पाजेल, आणि दुसऱ्या पिल्लाला बाटली लावावी लागेल. आता ती ओरडत नाही. माझ्याकडे बघतही नाही विशेष.

बाबा म्हणजे काही शेळी नव्हेत, एवढं मलाही कळतं. पण शेकायला बसलं की हात गुंतलेले असतात आणि डोकं मोकळं, आणि मोकळ्या डोक्यात नको ते येतं. मला आईची खोली आठवली. जाण्याआधी नऊ वर्षं ती पडून होती, आणि तू सुट्टीला यायचीस, चमचा हातात घ्यायचीस, आणि मी तो काढून घ्यायचे. राहू दे, तुला जमायचं नाही, ठसका लागतो तिला. आणि मग आल्यागेल्याला मीच सांगायचे, सगळं माझ्या एकटीवर पडलंय. तू दाराशी उभी राहून ते ऐकायचीस. तुला जमलं नसतं असं नाही. मी जमू दिलं नाही. दोन दिवस चमचा तुझ्या हातात राहिला असता, तिला दोनदा ठसका लागला असता, आणि तू शिकली असतीस. मोज्यावर शिकतात माणसं. मला दमायला झालं होतं हे खरं, आणि माझ्यावाचून चालेल ही भीती त्याहून खरी. तू ‘मोकळीच आहेस’ म्हणालीस ना, त्याचा राग आला. मग लक्षात आलं की मोकळी व्हायला मी निघाले होते, झाले कुठे? रोज दुपारी उलट्या बादलीवर बसून मी त्यांना तुझ्या हातून जेवू देत नव्हते. आणि तुला वाटत होतं, ताई लांबून केवढं करते!

तेव्हा ऐक. तिकीट बदलत नाही. हेडबाई महिना-दीड महिन्यात विईल, दुसऱ्या पिल्लाची बाटली माझ्याकडे आहे, ते चरायला लागलं की ठरल्या दिवशी येईन. आणि उद्यापासून जेवणाच्या वेळी फोन लावणार नाही. तूही लावू नकोस. सकाळी बोलू, त्यांची दाढी-अंघोळ झाल्यावर, गप्पा म्हणून.

आता ज्याच्यासाठी हे सगळं लिहिलं ते. मी तुझ्यापासून हातचं राखून ठेवलं होतं. माझ्या आवाजात जादूबिदू काही नाही. बाबा पंपावर पाळीने कामाला होते तेव्हा घरी कुठल्याही वेळी यायचे, आठवतं? तू लहान होतीस, झोपलेली असायचीस. हातपाय धुऊन पाटावर बसायच्या आधी ते आईला विचारायचे, ‘तुझं झालं?’ आणि ती म्हणायची, ‘माझं केव्हाच झालं, तुम्ही बसा.’ तीस वर्षं. आई गेलेली त्यांना आठवत नाही, समोर ताट वाढणारी ती आईच वाटते; ते अजून तेच विचारतात, आणि तू खरं सांगतेस, मी मागून बसते. मग ते कसे बसतील? बायको उपाशी असताना. म्हणून मी आई व्हायचे. तुला बाहेर पाठवायचे ते एवढ्यासाठी. आधी लाज वाटायची, पुढे पुढे ते वाक्य माझ्या एकटीचं आहे याचं सुख वाटायला लागलं. ते तुला देऊन टाकते. उद्या ताट वाढ, तांब्या उजवीकडे ठेव, पातेल्यावर झाकण ठेवल्याचा आवाज होऊ दे. ते विचारतील. घाई करू नकोस, ‘बाबा’ म्हणू नकोस, त्यांच्याकडे बघूही नकोस, पदर नसला तरी पदराला हात पुसल्यासारखे पूस आणि म्हण, ‘माझं केव्हाच झालं, तुम्ही बसा.’ पहिल्यांदा घशात अडकेल. दोन-चार दिवस बिनसेलही. गप्प राहा, पुन्हा वाढ. फक्त एक कर. त्यांचं ताट वाढायच्या आधी तू खरंच जेवून घे, पोटभर, खाली बसून. आई कधीच जेवलेली नसायची. मीही नसायचे. तू तरी ते खरं बोल.

तुझीच,
बादलीवरून उठलेली ताई