वहिनींचा गॅस बंद होता

दादा,

१९९९ साल, तुळशीच्या लग्नाचा दुसरा दिवस, सकाळचे साडेनऊ. वारूळवाडीच्या आपल्या अंगणात वहिनींचा भाऊ, चार शेजारी आणि मी उभे असताना तुम्ही म्हणालात, "गॅस चालू ठिवला व्हता तिनं. ध्यानच न्हाई पोरीचं." ती पोर, म्हणजे तुमची सून, तेव्हा नारायणगावच्या दवाखान्यात डावा हात कोपरापर्यंत भाजून पडली होती. तिच्या माघारी तुम्ही निकाल दिलात. तुमचा शब्द गावात चालायचा, म्हणून तो निकाल कायम झाला. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, तरी तो कायमच आहे. मी त्याच्या विरोधात लिहिते आहे.

आधी स्वयंपाकघराचं बोलू. मागची पडवी पाडून तिथे नवं स्वयंपाकघर वाढवायचं तुम्ही ठरवलंत आणि मला पुण्याला निरोप धाडलात की तू महापालिकेत लोकांचे नकाशे तपासतेस, तर बापाच्या घराचा एक काढ. किती खूश झाले होते मी. सातवीत मला पुण्याच्या कॉन्व्हेंटच्या वसतिगृहात घातलंत तेव्हा सगळी भावकी तुम्हाला हसली होती. तिकडून सुट्टीला आले की तुम्ही मला मोटरपंपाचं इंग्रजी पुस्तक पारावर मोठ्यानं वाचायला लावायचात, आणि कुणाला काही कळत नसलं तरी ऐकणाऱ्यांकडे बघत मान डोलवायचात. त्या मुलीनं काढलेला नकाशा होता तो. मी शहराचे नियम लावून काढला. खिडकी जमिनीच्या सहाव्या हिश्श्याएवढी. मागच्या भिंतीत अगदी तळाशी जाळी, कारण सिलेंडरचा गॅस हवेपेक्षा जड असतो, गळला तर पाण्यासारखा फरशीवर साचतो. आणि माजघर व स्वयंपाकघर यांच्यामध्ये आग अडवणारं दार. ते मी पुण्यातल्या एका बंद पडलेल्या कारखान्यातून मिळवलं, टेम्पोत घालून आणलं. पत्र्यानं मढवलेलं, जड, आणि वर स्प्रिंग. ढकललं की उघडायचं, सोडलं की आपोआप मिटायचं.

तुम्ही दाराला एक चक्कर मारलीत आणि म्हणालात, "हितं कोण येतंय तपासायला?" मी म्हटलं, "आग येते." तुम्ही हसलात. मला वाटलं, पटलं.

पुढच्या खेपेला आले तर जाळी सिमेंटनं बुजवलेली. परसात घोणस निघाली होती म्हणे. मी म्हटलं बारीक जाळी लावू, घोणस काय, गोमसुद्धा आत यायची नाही. तुम्ही म्हणालात, सापाला काय बारीक आणि काय मोठं. आणि दार मिटू नये म्हणून त्याला वरवंटा लावलेला. भाऊबंदांपैकी कुणी पाणी मागायला आत आलं आणि दार त्याच्या मागे मिटलं, त्यानं ते मनाला लावून घेतलं. "पावण्याच्या पाठीवर दार लावायची रीत हाय का आपल्यात?" असं तुम्ही मला विचारलंत. शिवाय दिवेलागणीचं होतंच. लक्ष्मी पुढून येते, मागून जाते. म्हणून त्या वेळी पुढचं दार उघडं, मधलं उघडं आणि परसदाराला कडी. इतकंच नाही, कडीला कुलूप, आणि किल्ली तुमच्या बंडीच्या खिशात. मी तेव्हा भांडले. तुम्ही जेवणावरून उठलात. मला म्हणालात, "तुझी इमारत पुण्यात. ह्ये घर हाय." तेवढं एकच वाक्य, दादा, आणि मी पुण्याची गाडी धरली.

तुळशीच्या लग्नाला मात्र आले. घर रंगवलेलं, माझ्या दारालाही नवा हिरवा ऑइलपेंट. दुपारी वहिनी तुमच्याजवळ आल्या. मी तिथेच ऊस सोलत बसले होते, म्हणून सांगते. त्या म्हणाल्या, "मामंजी, सैपाकघरात वास येतोय." तुम्ही म्हणालात, "रंगाचा असंल." त्या पुन्हा म्हणाल्या, "रंगाचा न्हाई वाटत." तुम्ही ऊस कसा मिळाला ते सांगायला लागलात. त्या गेल्या. सुनेनं एक गोष्ट तिसऱ्यांदा सांगायची नसते.

आणि दिवे लागतात. वहिनी देवघरापुढे काडी ओढतात. देवघर स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात, पाटावर, म्हणजे फरशीपासून वीतभर वर. मला मोठा आवाज आठवत नाही. कुणीतरी जाड गोधडी झटकावी तसा झाला. वहिनी परसदाराकडे धावल्या, ते त्यांच्या जवळ होतं. कुलूप. मग वळून आगीतून मधल्या दारानं आल्या, पदर पेटलेला. आणि त्यांच्या मागोमाग आग आली, कारण दार वरवंट्यानं अडवलेलं. माजघरातल्या गाद्या, माळ्यावरचा कडबा, सगळं गेलं. शेजाऱ्यांनी विहिरीवरची मोटर लावून पाणी मारलं म्हणून घर राहिलं. ते दार मिटलं असतं, तर आग त्या एका खोलीत गुदमरून मेली असती.

रात्री तुम्ही दवाखान्यात होतात. सकाळी आलात, तेव्हा मी तुम्हाला हाताला धरून त्या काळ्या खोलीत नेलं. शेगडीची दोन्ही बटणं दाखवली. दोन्ही बंद. सिलेंडरजवळचा नळीचा तुकडा पाण्यात पडून राहिला होता, त्यावर उंदराच्या दातांच्या खुणा. तुम्ही वाकलात, बोट लावून पाहिलंत. काय झालं ते तुम्हाला कळलं, मी तुमचा चेहरा पाहत होते. "बरं, ऱ्हाऊ दे आता," असं म्हणून तुम्ही बाहेर अंगणात गेलात आणि वहिनींच्या भावाला ते वाक्य ऐकवलंत.

मी तिथल्या तिथे म्हटलं की हे खोटं आहे. मोठ्यानं म्हटलं. पण बिनलग्नाच्या, पुण्याच्या, इंग्रजी शिकलेल्या बाईला अंगणात किती किंमत असते ते मला त्या दिवशी समजलं. वहिनींचा भाऊ मान खाली घालून तुमची माफी मागून गेला. त्यानं तुमची माफी मागितली, दादा, आणि तुम्ही ती घेतलीत.

त्यानंतर गावात त्यांचं नाव पडलं. हळदीकुंकवाला गेल्या की कुणीतरी हसत म्हणणार, "गॅसवाली आली गं, काड्यापेटी लपवा." वहिनी पण हसायच्या. मग जायच्या बंद झाल्या. तुम्ही ते दोन वर्षं ऐकलंत आणि मग वारलात. शेवटच्या आजारपणात तुम्हाला पेज भरवत होता तो हात तोच, कातडी ओढलेला. त्या हाताला तरी सांगायचं होतंत.

आज का लिहिते? भाच्यानं, वहिनींच्या मुलानं, घरावर मजला चढवला, त्याची गेल्या आठवड्यात वास्तुशांत झाली. नव्या शेगडीवर दूध उतू घालायचं होतं. घरातली मोठी बाई म्हणून तो मान वहिनींचा. भटजींनी हाक मारली तर वहिनी दोन पावलं मागे सरल्या, सुनेला पुढे केलं, आणि मला हळूच म्हणाल्या, "नको वन्सं, शुभाच्या दिवशी माझा हात नको." मी बटणांचं सांगायला लागले. त्या म्हणाल्या, "तुमी सांगताय खरं. पण मामंजी म्हणाले व्हते ना. त्ये उगं कसं म्हणतील?" त्यांनी स्वतःच्या हातानं बंद केलेला गॅस, आणि आता त्यांना स्वतःलाच आठवत नाही की तो बंद होता. त्यांची आठवणसुद्धा तुम्ही नेलीत.

माझ्या शब्दानं ती परत येत नाही, हे मी पुरतं करून पाहिलं आहे. तुमचाच लागेल.

हे पत्र टाकायला पेटी नाही, ते मला ठाऊक आहे. एवढं मात्र कबूल करते, की मेलेल्या माणसावर कुणी इतकं चिडत नाही. तुम्ही गेलात हे मी अजून धरलेलंच नाही. तेव्हा जिवंत माणसाला द्यावी तशीच मुदत देते. सर्वपित्री अमावास्येच्या सूर्यास्ताच्या आत, वहिनींच्या नावे, गॅस बंद होता असं स्पष्ट लिहून, खाली सही करून लेखी उत्तर द्यावं. कावळा पाठवल्यास ग्राह्य धरला जाणार नाही.