सिग्नलपाशी राहिलेली चप्पल

पिंपरी, बुधवार, १९५६

ती चप्पल काही डोळ्यांसमोरून हलत नाही. आज सकाळी लोकल सिग्नलपाशी हळू झाली आणि कारखान्याच्या माणसांनी रोजच्यासारख्या धडाधड उड्या मारल्या. कारखान्याचं फाटक तिथेच समोर. स्टेशनावर उतरलं तर तेवढंच उलटं चालत यायचं आणि तोवर भोंगा होतो. एकाची चप्पल चाकाजवळच्या खडीत पडली. मी दारातून ओरडलो, तर तो अनवाणी पळता पळता हसला. "चप्पल गेली राव, हजेरी तर वाचली!"

या गाड्यांचं वेळापत्रक मी करतो. चपलेऐवजी पाय गेला असता तर?

संध्याकाळी आमच्या रेल्वेच्या साहेबांकडे तिथे थांबा मागितला. म्हणाले, "अहो, गाडी रेल्वेची आहे, कारखान्याची नाही. उड्या मारतील त्यांना दंड करा." दंड! आणि मी नुसता 'बरं' म्हणून बाहेर आलो. का?

दुपारी जाऊन खडीतून उचलून आणलेली ती चप्पल माझ्या पिशवीत आहे. उद्या ज्याची त्याला देईनच. पण साहेबांनाही पाहणीसाठी त्याच लोकलने नेणार आहे. सिग्नलपाशी गाडी हळू झाली की त्यांना दारात आणून म्हणणार, "साहेब, भोंगा व्हायला आलाय. उतरा."