दस्त्याची पितळी प्लेट

९ सप्टें., सोम.
माझ्या आजोबांची ठासणीची बंदूक खाटेखालून काढली. नळी केव्हाच बुजवलेली, आता नुसती शोभेची. लाकडी दस्त्याच्या बुडाची पितळी प्लेट फुटलीय. नितीनला दसऱ्याला गुडगावच्या नव्या फ्लॅटमध्ये पूजेला हवी, मग हॉलमध्ये टांगणार. "बाबा, तेवढी प्लेट बदलून द्या." फौजेत मी तीस वर्षं बंदुकाच दुरुस्त केल्या, म्हणून त्याला बाप आठवला. माझ्या मुनिरकाच्या खोलीपासून गुडगाव तासाभराचा रस्ता, पण पोराला फोन पुरतो.

१३ सप्टें.
सदर बाजारातून प्लेट आणली, तिसऱ्या खेपेला मिळाली. बसत नाही. आयती कधीच बसत नसते. आतून काजळ फासायचं, दस्त्यावर दाबायची, लाकडावर काळं उमटेल तेवढंच खरवडायचं. परत दाबायची. घाई केली की लाकूड जास्त जातं, ते काही परत लावता येत नाही.
काजळ हिच्या डबीतलं. ही गेल्यावर दोन वर्षांनी उघडली. वास अजून… आज काम झालं नाही.

१५, रवि.
नि.चा फोन. "प्लेट बैठी क्या?" नाही म्हटलं. मग वीस मिनिटं बोलला. ऑफिस, पाठदुखी, सुनेची बदली. एरवी 'जेवलात? चलो, ठेवतो' यात आटपतं.

१९ सप्टें.
परत फोन. परत प्लेट. परत गप्पा.

२३, सोम.
बसली! दोन्ही स्क्रू घट्ट, फटीत कागद जात नाही. हात अजून शाबूत आहे. दाखवू कुणाला? घरमालकीण जिन्यात भेटली, तिला दाखवली. "अच्छी है ताऊजी, पर ठोका-पीटी कम करो."
संध्याकाळी नि. "बैठी?" नाही म्हटलं. तोंडातून निघून गेलं. या वयात पोराशी थाप.

२६ सप्टें.
"एका कोपऱ्यात अडतेय," म्हटलं. अर्धा तास बोलला. बंदूक समोरच भिंतीला टेकलेली. लाज वाटली. पण फोन ठेवल्यावर खोली खायला उठते, त्यापेक्षा लाज परवडली.

२ ऑक्टो.
नि. म्हणतो, "इतकं अवघड असेल तर राहू द्या यार बाबा. रविवारी येऊन तशीच नेतो, इथे कुणाकडून तरी बसवून घेईन."
म्हणजे बंदूक गेली आणि फोनही. थाप खरी ठरावी म्हणून लाकूड थोडं बिघडवावं का? पटाशी हातात घेतली. नाही जमलं. वाईट काम दाखवायचं म्हणजे… नाही.

६ ऑक्टो., रवि.
आला. एकटाच. पोहे खाल्ले, बंदूक घेऊन खिडकीपाशी गेला. प्लेटच्या कडेवरून अंगठा फिरवला. एकदा, दोनदा. मी खरं सांगायला तोंड उघडणार, तेवढ्यात म्हणाला, "हां, इथे जरा उचलतेय. दसऱ्याचं राहू दे, बिल्कुल घाई करू नका. पुढच्या रविवारी बघायला येतो."
तो गेल्यावर मीही अंगठा फिरवला. कुठेच उचललेली नाही. त्याला खरंच तसं वाटलं की त्यानेही थाप मारली, आता विचारायची सोय नाही.