माझ्या ब्रिगेडचा माझ्यावर फार जीव

२ एप्रिल
आज ब्रिगेडचा चार्ज घेतला. आधीच्या ब्रिगेडियरने माणसं लाडावून ठेवली आहेत. कॉरिडॉरमध्ये दोन कॅप्टन हसत होते. का हसता, विचारलं, तर धड सांगता येईना. दोघांची रजा बंद.
संकल्प एक : इथून मेजर जनरल होऊनच बाहेर पडायचं. बढतीचा बोर्ड जूनमध्ये आहे.
संकल्प दोन : कोणावर ओरडायचं नाही. बी.पी. वाढतं.

३ एप्रिल
ओरडावं लागलं. बागेच्या कडेच्या विटांना पांढरा रंग दिलाय, पण फक्त पुढून. मागून कोण बघतं, असं सुभेदार म्हणाला. मी बघतो. संकल्प दोन सोमवारपासून.

९ एप्रिल
सगळ्या कमांडिंग ऑफिसरांची मीटिंग घेतली. म्हटलं, मनमोकळेपणाने बोला, माझा दरवाजा सगळ्यांना उघडा आहे. एक कर्नल खरंच बोलला. रजा अडकल्यात, माणसं थकलीत, घरून फोन येतात, वगैरे. मी शांतपणे ऐकलं आणि सगळ्यांसमोर सांगितलं की तुमची लायकी कॅन्टीन चालवण्याची आहे. यापुढे त्याचं नाव शहाणा.
मग विचारलं, अजून कोणाला काही बोलायचंय? कोणालाच नव्हतं. म्हणजे बाकी सगळे समाधानी आहेत.

१४ एप्रिल
स्टाफ मेजर मात्र हिरा आहे. मी त्याला मनातल्या मनात उजवा हात म्हणतो. माझं वाक्य संपायच्या आत येस सर म्हणतो. आज तर वाक्य सुरू व्हायच्या आत म्हणाला.

२१ एप्रिल
कन्येचा फोन. तिचा ऑफिसमधला मॅनेजर सगळ्यांसमोर पाणउतारा करतो, रजा देत नाही, काम हिचं आणि नाव त्याचं. माझं डोकंच फिरलं. असल्या माणसाच्या हाताखाली माणसं देतं कोण? राजीनामा त्याच्या टेबलावर आपट म्हटलं.
ती म्हणाली, "बाबा, हे तुम्ही मला सांगताय?"
म्हटलं, बाप नाही तर कोण सांगणार. तेवढ्यात फोन कट झाला. नेटवर्क खराब असावं.

२८ एप्रिल
मोठे साहेब, म्हणजे आमचे कोअर कमांडर, मेच्या मध्यावर भेटीला येणार. हीच संधी. बोर्डात त्यांचाच शब्द चालतो. कल्पना अशी : त्यांचं हेलिकॉप्टर भर दुपारी उतरणार, आणि त्याच क्षणी अख्खी ब्रिगेड पूर्ण पॅक पाठीवर घेऊन, लांबून मार्च करत मैदानात शिरणार. धूळ उडालेली फोटोत छान दिसते.
उजव्या हाताच्या अंगावर काटा आला म्हणे.

६ मे
डॉक्टरीणबाई येऊन गेल्या. या आमच्या मेडिकल ऑफिसर, रँकने मेजर. एवढ्या उन्हात एवढं ओझं घेऊन चालवलं तर माणसं पडतील म्हणाल्या. मी म्हटलं, मॅडम, तुम्ही औषधं द्या, सैन्य मी चालवतो. पाठोपाठ शहाणा तेच सांगायला आला. दोघांनी संगनमत केलंय. उजव्या हाताला विचारलं, तर त्या दिवशी नक्की ढग येतील म्हणाला. अशी माणसं हवीत.

१५ मे, सकाळ
नाश्त्याच्या टेबलावर निरोप आला. मोठ्या साहेबांची भेट रद्द. साधं कारणही दिलेलं नाही.
मार्च मात्र होणार. ठरलेलं मोडलं की माणसांना वाईट सवय लागते. शहाण्याने संध्याकाळची वेळ तरी घ्या असं सुचवलं, म्हणून मुद्दाम दुपारच ठेवली.

१५ मे, संध्याकाळ
ढग आले नाहीत. मी गाडीतून शेवटपर्यंत बरोबर होतो. काही लोक वाटेत बसले. मग काही आडवे झाले. मी काच खाली करून प्रोत्साहन दिलं. एक सिग्नलमन पडला तो उठेचना. डॉक्टरीणबाईंनी मला न विचारता मार्च थांबवला. माझा मार्च. आणि माणसं थांबलीसुद्धा, तिच्या एका शब्दावर. बाईंना शिस्तभंगाची नोटीस द्यायची.
सिग्नलमन हॉस्पिटलमध्ये आहे. पाणी कमी प्यायला असणार. यांना पाणीही मीच पाजायचं का?

१७ मे
सिग्नलमन शुद्धीवर नाही. किडन्या काम करत नाहीत म्हणतात. नोटीस दोन दिवस थांबवतो. उजवा हात आज ऑफिसला आला नाही. पोट बिघडलंय.

१९ मे
हॉस्पिटलला भेट दिली. ब्रिगेडचा फोटोग्राफर बरोबर घेतला होता, नर्सने त्याला दारातच अडवलं. आत सिग्नलमनची आई होती, पोराचे मोजे गुंडाळत बसलेली. मी कोण हे तिला माहीत नव्हतं. उठून मला स्टूल दिलं. विचारलं, "तुम्ही याच्याबरोबर चालत होतात का?"
म्हटलं, हो. म्हणजे गाडीत होतो.
तिने मान हलवली. मोजे पिशवीत ठेवत म्हणाली, "मग गाडीत पाणी असेल ना?"
मला पुढची मीटिंग होती. सफरचंदं तिथेच ठेवून निघालो.

२० मे
सिव्हिलियन लोकांना लष्करातलं काही कळत नाही, हेच खरं. काय प्रश्न विचारावा आणि काय नाही. सकाळपासून तेच डोक्यात घोळतंय.
पाणी होतं. आईसबॉक्समध्ये होतं. माझ्यापुरतंच होतं पण.

२१ मे
कळलं की आमच्या सौ. पहिल्या दिवसापासून सिग्नलमनच्या आईला हॉस्पिटलमध्ये डबा पोचवतायत. मला का सांगितलं नाही, म्हणून विचारलं. त्या म्हणाल्या, सांगितलं असतं तर फोटोग्राफर पाठवला असता. हा विचार मला खरोखर सुचला नव्हता. चांगला होता.

२६ मे
सिग्नलमन शुद्धीवर आला. मी पहिल्यापासून म्हणत होतो. आता पॅक कधीच उचलता येणार नाही, डेस्कवर बसवावं लागेल. आयुष्यभर सावलीत काम, वाईट काय आहे?
चौकशी बसली आहे. बरं झालं, एकदा सत्य बाहेर येऊ दे. माझ्या बाजूने पहिला साक्षीदार म्हणून उजव्या हाताचं नाव दिलं.

३ जून
चौकशीत उजवा हात दोन दिवस बोलत होता. पहिल्या दिवशी मला वाटलं प्रस्तावना चालू आहे. सकाळचा निरोप, रद्द झालेली भेट, ढगांचा प्रश्न मी त्याला कुठल्या आवाजात विचारला होता, सगळं सांगितलं. पोट बरं झालेलं दिसतं.
त्याच्यानंतर साक्ष द्यायला आणखी कोण तयार आहे, असं अध्यक्षांनी विचारलं. बाहेर रांग लागली. मी पहिल्यांदा खूश झालो. मला वाटलं, माझ्या बाजूने आहेत.

१२ जून
बोर्डाचा निकाल : नाही. चौकशीचा निकाल : कमांडवरून बाजूला. मुख्यालयात अटॅच. तिथे काम काय, विचारलं, तर कळवू म्हणाले. काहीतरी खास कामासाठी राखून ठेवलेलं दिसतंय.
चार्ज शहाण्याकडे. बिचाऱ्याला झेपायचं नाही. पुढच्या महिन्यात एकदा फोन करून मार्गदर्शन करीन.
संकल्प : मनात काही ठेवायचं नाही. साक्ष देणाऱ्यांची यादी कधीतरी निवांत करू.

१८ जून
उद्या निघतो. कमांडर निघताना ऑफिसर लोक त्याची जीप दोर लावून गेटपर्यंत ओढत नेतात. अशा वेळी डोळे भरून येतात, म्हणून सौ.ना गॉगल सामानात वरच ठेवायला सांगितलं. निरोपाच्या भाषणाचा सरावही केला. शेवटी थोडं थांबायचं, टाळ्यांसाठी.
निरोपाच्या जेवणाला फक्त शहाणा आला होता. ड्यूटी म्हणून आलो सर, म्हणाला. बाकीच्यांना भावना आवरल्या नसत्या.

१९ जून
युनिफॉर्म सामानात गेला होता, म्हणून साधा शर्ट घालून निघालो. जीपला दोर नव्हते. स्टोअरमधून आणायला वेळ लागत असेल, म्हणून ड्रायव्हरला गाडी हळू चालव म्हटलं. तो हळू चालवत राहिला. सौ. म्हणाल्या, पायी लवकर पोचलो असतो.
गेटच्या अलीकडे मागून एकदम जल्लोष ऐकू आला. शिट्ट्या, टाळ्या. मी ड्रायव्हरला थांबायला सांगितलं. खाली उतरलो, कॉलर नीट केली, भाषणाचं पहिलं वाक्य मनात म्हटलं आणि वळलो.
व्हॉलीबॉल चालू होता. दुसरीकडून कालच आलेल्या तुकडीची पोरं होती. माझ्याकडे कोणाचं लक्ष नव्हतं. मग बॉल गडगडत माझ्या पायाशी आला आणि त्यातल्या एकाने हात वर केला.
"काका, बॉल टाका ना जरा."
मी टाकला. नेटपर्यंत पोचला नाही.