पाठमोरा नायक

सोलापूर, शनिवार, जानेवारी १९७४

आज टॉकीजमध्ये माझ्यावर घोर अन्याय झाला. समोरच्या गृहस्थांनी शेवटपर्यंत फेटा काढला नाही. अर्धा पडदा फेट्याने खाल्ला आणि उरलेल्या अर्ध्यात नायक पाठमोरा! गुप्तहेराच्या मालिकेतला हा तिसरा चित्रपट. नायकाचं काम करणारा नट मध्येच वारला, म्हणून निर्मात्याने एकाची पाठ आणि दुसऱ्याचा आवाज जोडून वेळ मारून नेली. व्याकरणात याला 'आदेश' म्हणतात. एक वर्ण जातो, त्याच्या जागी दुसरा बसतो, शब्द चालूच. पेपरला हेच खुसखुशीत करून पाठवावं, असं मनात होतं.

परतताना सौ. म्हणाली, "हसताय काय? घरी तुम्ही तेच करता की."

करतो. दादा दिवाळीत गेला. आईला दिसत नाही, ऐकूही कमी येतं, आणि सांगायचा धीर कुणाला झाला नाही. तिने "दादा" अशी हाक मारली की मी त्याच्यासारखा खाकरून "आलो" म्हणतो. दोन्ही आवाज काढणं जमेना, म्हणून धाकटा, म्हणजे मी, बातम्यांसाठी फिरतीवर आहे, असं सांगून ठेवलंय.

आज तिने माझा हात चाचपला. "दादा, धाकटा कुटं हाय रं? लई दिवस बोलला न्हाय माज्याशी."

"येईल की," मी दादाच्या आवाजात म्हणालो आणि पाठ फिरवली. तिला दिसत नाही, तरी फिरवली.

दादाचं तिला कळेल याची भीती आहेच. पण धाकट्याची वाट बघतच ती गेली तर?